डबा आणि हिस्सा

डब्याविषयी काय लिहायचे, असे कुणी म्हणेल. आपल्या लेखिकांनी तलाकविषयी लिहिले, मुलींच्या शिक्षणाविषयी लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. पण बाईचा दिवस ज्या वस्तूंमध्ये सरतो, त्या आपल्या लिखाणात क्वचितच येतात. शिजवलेले अन्न कशात ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात तीन पिढ्यांनी तीन तऱ्हांनी दिले. त्यात बाईच्या वेळेचा हिशेब आहे आणि शेजाऱ्याच्या हिश्श्याचाही.

दादीच्या काळी तांब्याच्या देगच्या होत्या. आंबट सालन उघड्या तांब्याला लागले की कळकते, म्हणून कलईवाला मोहल्ल्यात आला की घराघरांतून भांडी बाहेर यायची. भाता, नवसागर, कथील एवढ्या सामानावर तो काळे पडलेले भांडे चांदीसारखे करून द्यायचा. साठवण अशी नव्हतीच. जे उरेल ते रात्रीच्या आत कुणाच्या तरी दस्तरखानावर जायचे. आईच्या संसारात जर्मनची पातेली आली. चिंच-टोमॅटोचा आंबटपणा त्यांना खातो, म्हणून दालचा शिजला की ती तो लगेच स्टीलच्या डब्यात काढायची. जहेजातून आलेल्या त्या डब्यांवर नावे कोरलेली होती, तीही मराठीत. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण डब्यावरची अक्षरे मराठीच होती.

माझ्या वाट्याला नोकरी आणि फ्रीज दोन्ही आले. शाळेत शिकवणाऱ्या बाईला रमजान म्हणजे पहाटे सहरीची चूल, दिवसा खडू-फळा आणि संध्याकाळी रोजाच्या पोटी इफ्तारीची तळणी. २०१६ ते २०१८ या वर्षांत रमजान मे ते जुलैच्या दिवसांत आला, रोजा चौदा तासांच्या पुढे गेला. असरनंतर घरातले पुरुष कुराण वाचत बसत आणि बाई कढईपुढे उभी. इबादतीचा महिना तिच्यासाठीही असतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. तेव्हापासून शाबानच्या शेवटच्या दोन रविवारी खिमा, शामी कबाब, यखनी, दालचा करून मी गोठवून ठेवू लागले.

त्यासाठी डबा कसा असावा, हे अनुभवाने आणि थोड्या वाचनाने ठरवले. डबा पसरट आणि उथळ हवा. खोल पातेल्यातले सालन मधोमध तासन्‌तास कोमट राहते आणि जंतूंना तेच मानवते. पसरट डब्यात ते लवकर निवते. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते आत गेले पाहिजे. डबा एका जेवणापुरताच घ्यावा, कारण एकदा वितळवलेले पुन्हा गोठवण्यात शहाणपण नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून रश्श्याच्या वर बोटभर जागा सोडावी. नाहीतर झाकण उचलते, काच तडकते. काच घ्यायची तर उष्णता सोसणारी घ्यावी आणि तीही फ्रीजरमधून काढून थेट गरम पाण्यात ठेवू नये. प्लास्टिक घ्यायचे तर तळाला त्रिकोणात ५ हा आकडा पाहावा, ते पॉलिप्रॉपिलीन असते. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गरमागरम खिमा ओतू नये. स्टील सर्वांत टिकाऊ, पण झाकण घट्ट हवे. सैल झाकणातून कोरडी हवा शिरते आणि मटण वाळून पांढुरके पडते. खिम्यात बटाटा घालायचा तो ऐनवेळी, गोठवलेला बटाटा भुसभुशीत होतो. फ्रीजर उणे १८ अंशांवर असला तरी जंतू मरतातच असे नाही, बरेचसे नुसते झोपतात. म्हणून डबा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढावा आणि सालनाला खळखळून उकळी आणावी. वीज गेली तर दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस गारठा धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस.

प्रत्येक डब्यावर मी कागदी पट्टी चिकटवते: पदार्थ, तारीख, किती माणसांचे, पाणी किती घालायचे. या पट्टीचा खरा गुण पुढे कळला. ‘कशात काय आहे ते आम्हाला काय ठाऊक’ ही घरातल्या पुरुषांची सबब तिने संपवली. आता सहरीला मुलगा उठून डबा गरम करतो आणि मी तहज्जुदच्या चार रकात निवांत पढते.

पण फ्रीजरने एक गोष्ट हिरावली, तीही सांगितली पाहिजे. अन्न टिकत नव्हते तेव्हा वाटावेच लागे. आता सगळे आत जाते. बकरी ईदला कुर्बानीचे तीन हिस्से करायची रीत आहे, पण काही घरांत ते हिस्से फ्रीजरच्या मापाने होऊ लागले आहेत. हदीसमध्ये येते की, एका वर्षी लोक तंगीत होते तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुर्बानीचे मांस तीन दिवसांपलीकडे ठेवू नका असे सांगितले. पुढे तंगी सरल्यावर खाण्याची, देण्याची आणि साठवण्याचीही मुभा दिली. म्हणजे साठवणे वाईट नाही. साठवताना आजूबाजूला कोण तंगीत आहे, हे पाहायचे आहे.

म्हणून डबे मांडले की पहिला डबा मी बाहेरचा भरते. गल्लीच्या टोकाला एक खालाबी एकट्या राहतात, त्यांचा. तो स्टीलचा असतो, नाव कोरलेला. फेकायच्या प्लास्टिकमधून दिलेले अन्न तिथेच संपते. नावाचा डबा परत येतो आणि आपल्याकडे भांडे रिकामे परत करत नाहीत. खालाबी त्यात चार खजूर घालून पाठवतात. शेजारच्या काकूंकडे शिरखुर्मा घेऊन गेलेला डबा आज ना उद्या करंज्या घेऊन येतो. घेणारा त्यामुळे नुसता घेणारा राहत नाही.

बाजारात डबा घेताना आपण झाकण पाहतो, धातू पाहतो, किंमत पाहतो. तो कुणाच्या घरी जाऊन परत येण्याजोगा आहे का, हेही पाहावे. आणि ज्याच्या दारात तो जाईल त्याला तो हातात घेताना संकोच वाटू नये, इतका तरी तो चांगला असावा.