सहा फुटांपलीकडचा वर्ग

पटावर नाव चढलं, पहिल्या बाकावर जागा मिळाली, की कर्णबधिर मूल वर्गात सामावलं असं आपण धरून चालतो. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये फिरती विशेष शिक्षिका म्हणून काम करताना मला हे गृहीतक सर्वांत जास्त छळतं. कोणत्याही शाळेत गेले की मी आधी खोली ऐकते. छत पत्र्याचं आहे का, पंखा खडखडतो का, शेजारच्या वर्गातले पाढे इकडे येतात का.

कानामागचं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. त्यातला बाईंचा कोणता आणि पंख्याचा कोणता, हे वेगळं काढण्याची त्याची ताकद तोकडी असते. बोलणारं माणूस तीन ते सहा फुटांच्या आत असेल तरच ते चांगलं काम देतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद खोलीत त्यावर प्रतिध्वनीचा गोंधळ चढतो. बाई टेबलापाशी असताना वाक्य पोहोचतं, मागच्या भिंतीकडे गेल्या की नुसता गलका उरतो. फळ्याकडे तोंड करून बोलल्या तर ओठही दिसत नाहीत. आणि दिसले तरी पाट, माठ, भात हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच!

सर्वांत जास्त हरवतात ते विभक्तीचे प्रत्यय. ने, ला, शी, चा हे बोलताना तोकडे आणि हळू उच्चारले जातात. ‘वाघाने हरणाला पाहिले’ आणि ‘वाघाला हरणाने पाहिले’ यांतून मुलाच्या हाती वाघ, हरीण आणि पाहणं एवढंच लागतं. मग वहीत ‘वाघ हरीण पाहिले’ असं येतं आणि त्यावर लाल शाईने व्याकरणाची चूक मारली जाते. मला त्या ओळीत मुलाने काय ऐकलं याची नोंद दिसते. असं मूल मंद ठरवलं गेलं की माझा जीव तुटतो.

उपाय साधे आहेत. वाक्य आधी फळ्यावर लिहावं, प्रत्यय रंगीत खडूने, मग वर्गाकडे वळून बोलावं. खिडकी बाईंच्या पाठीशी नको, उजेड चेहऱ्यावर हवा. पहिल्या बाकापेक्षा दुसऱ्या रांगेतली कडेची जागा मला बरी वाटते, कारण तिथून मान वळवून इतर मुलांचे चेहरेही दिसतात. मागून कोणी उत्तर दिलं तर त्याचं नाव घेऊन बाईंनी ते पुन्हा म्हणावं. वर्गातलं निम्मं शिक्षण मुलांच्या आपसातल्या बोलण्यातून होतं. यंत्र शिट्टी मारू लागलं की ते बिघडलं म्हणून दप्तरात जातं. बहुतेकदा मुलाचा कान वाढलेला असतो आणि कानात बसणारा यंत्राचा साचा, म्हणजे इअरमोल्ड, सैल झालेला असतो. तो नवा करून घ्यावा लागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षण बंधनकारक केलं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. ते महत्त्वाचं आहे, कारण अनेक गावं सांभाळणाऱ्या फिरत्या शिक्षिकेच्या धावत्या भेटीत प्रत्यय शिकवून होत नाहीत. त्याला रोजचा माणूस लागतो.

एका बाबतीत माझं मत अनेक सहकाऱ्यांना पटत नाही. ज्याला यंत्राचा फारसा उपयोग होत नाही, अशा मुलाला गावच्या शाळेत एकटं बसवायला मी तयार नसते. त्याची भाषा हातांची आहे, आणि कोणतीही भाषा वाढायला समोर बोलणारं कोणी लागतं. त्याच कायद्याचं सोळावं कलम कर्णबधिरांना सर्वांत योग्य भाषेतून शिक्षण द्या असं सांगतं. म्हणून आसपासच्या गावांतली अशी मुलं एकाच सर्वसाधारण शाळेत यावीत, तिथे भारतीय सांकेतिक भाषा येणारा शिक्षक रोज असावा आणि ऐकणाऱ्या वर्गमित्रांनाही ती भाषा शिकवावी. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. तो यासाठी वापरावा. वर्गमित्रांची तर काळजीच नको, ते खुणा शिक्षकांच्या आधी उचलतात.