उत्तराखालच्या दोन रेघा

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केले की ८३५२. आणखी एकदा केले की ६१७४. यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ काही हलत नाही. निघा कुठूनही, फार तर सात पायऱ्यांत मुक्काम हाच.

हे दाखवले ते देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ साली डहाणूत जन्मलेले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांचा नाद लागलेला माणूस म्हणून अनेकांनी त्यांना बाजूला सारले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले.

हा खेळ मी अजूनही हाताला लागेल त्या कपट्यावर खेळतो आणि दर वेळी एकाच गोष्टीचे नवल वाटते. यात लागणारी वजाबाकी प्राथमिक शाळेतल्या पोरालाही येते. मग ती इतक्या पंडितांच्या हातून कशी निसटली? आम्हाला शाळेत उत्तर आले की त्याखाली दोन रेघा मारायची सवय लावली होती. रेघा मारल्या की गणित संपले. कापरेकरांचे गणित तिथून पुढे चालू होई. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा केली तर? तीन अंक घेतले तर? तिथे ४९५ हाती लागते. पाच घेतले तर? तिथे असा एकच मुक्काम नाही. संख्या तीनपैकी एका चक्रात फिरत राहते. नियम मोडला तरी ते एक नवे कळणेच.

नवे सुचते ते बहुधा या ‘तर’पाशी. त्यासाठी अफाट बुद्धीपेक्षा थोडा फुकट घालवायला वेळ लागतो, आणि नेमका तोच आपण मुलांना देत नाही. ‘परीक्षेत येणार आहे का?’ या आपल्या प्रश्नापुढे त्यांचा प्रश्न गप्प बसतो.

म्हणून घरातले पोर ‘मग पुढे काय होतं?’ असे विचारील, तेव्हा लगेच उत्तर सांगू नका. कागद-पेन्सिल द्या, आणि रेघा मारायची घाई करू नका.