महिला मंडळाची इमारत

गोंदिया जिल्ह्यात महिला मंडळाची इमारत शोधायला निघालात, तर बहुतेक वस्त्यांत लोक तुम्हाला विहाराकडेच बोट दाखवतील. एक लांब खोली, पुढे ओटा, वर कवेलू किंवा टिनाचे पत्रे. आता पुष्कळ ठिकाणी स्लॅब पडला आहे. आत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या. ही बांधणी पाहायला दुरून कुणी येणार नाही. पण खोलीच्या मधोमध आडभिंत नाही, आणि दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई आणि शाळेतली मास्तरीणबाई संध्याकाळी एकाच सतरंजीवर बसतात. माझ्या मते हीच तिची मोठी शोभा!

ही एक सतरंजी आपल्या आयाबायांना सहज मिळालेली नाही. गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर. तिथे जाईबाई चौधरी होत्या. उमरेडला जन्मलेल्या, कामठीला हमाली करून दिवस काढलेल्या. मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. जाईबाईंना तिथे बोलावणे होते. मात्र जेवणाच्या वेळी त्यांचे पान वेगळे मांडले गेले. शिकल्यासवरलेल्या बायकांची परिषद, आणि पंगत तीच जुनी! १९३८ च्या आरंभीच आपल्या बायकांनी निषेधाची सभा घेतली.

पुढे साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. बायका किती? पंचवीस हजारांच्या घरात. एवढ्या जणींना पुरेल असे सभागृह कुठून आणणार? मंडप हीच इमारत. बाबासाहेब त्या सभेत बोलले. बायकांनी केलेले ठराव आजही वाचावेत असे आहेत: काडीमोडाचा हक्क हवा, एका पुरुषाला अनेक बायका नकोत. गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बाईला वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, दुखापत झाली तर भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये पेन्शन. विडीचे नाव त्यात आले, हे आपल्या भागातल्या बायकांनी विसरू नये. तेव्हा आपला मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला.

त्याच सभेत त्यांनी इमारतही मागितली. पण ती स्वतःच्या बैठकीसाठी नव्हे. प्रत्येक प्रांतात सरकारने ५० मुलींचे वसतिगृह काढावे, असा तो ठराव होता.