बेचाळीस घोड्यांची गरज काय?

वर्ध्याच्या माणसाने वेगाविषयी लिहावे, हे काहींना गमतीचे वाटेल. आमचा जिल्हा जगाला ठाऊक झाला तो पायी चालणाऱ्या एका महात्म्यामुळे. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले आणि पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपलेले असत आणि गांधीजी तिला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात, हे मी आईला समजावून सांगितले तेव्हा तीही पोट धरून हसली.

पण त्याच वर्ध्याचे वेगाशी दुसरेही एक नाते आहे. ज्या शेठ बच्छराजांच्या घरी जमनालालजी दत्तक आले, त्यांच्या नावाने १९४५ मध्ये ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी निघाली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. १९७२ साली तिची ‘चेतक’ स्कूटर आली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावला. त्या काळी गाडी किती पळते हे कुणी विचारीत नसे. मिळते कधी, एवढाच प्रश्न असे! २००१ साली ‘पल्सर’ आली आणि प्रश्न बदलला. आता तर पुणे जिल्ह्यातील चाकणला ‘रोडस्टर’ तयार होतात.

रोडस्टर म्हणजे मुळात दोन माणसांची, उघड्या टपाची मोटार. आपल्याकडे तिचा एक प्रयोग गोव्यात झाला. सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ दिसायला मोठी झोकदार होती. आत मात्र १.२ लिटरचे रेनोचे लहान इंजिन होते. रूप वाघाचे आणि बळ बेताचे! दुचाकीच्या दुनियेत रोडस्टर म्हणतात ती समोर प्लॅस्टिकचे कवच नसलेल्या, ताठ बसून चालवायच्या गाडीला. ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीशी भागीदारी करून बजाजने जुलै २०२३ मध्ये ‘स्पीड ४००’ ही अशी गाडी आणली. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, म्हणजे जुन्या हिशेबाने चाळीस घोडे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच जातीच्या इंजिनाची शक्ती ३१ वर आणून ‘स्पीड टी-४’ ही सौम्य गाडी निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये शक्ती ४२ वर नेऊन, शर्यतीच्या गाडीचा थाट देऊन ‘थ्रक्स्टन ४००’ आली. एकाच आईची तीन लेकरे म्हणा ना! एक शांत, एक चपळ आणि एक तापट.

कंपनीने हे तापट लेकरू जन्माला घालावे की नाही, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. तो आमच्या हिंगणघाट तालुक्यातल्या घरातून, रात्रीच्या जेवणाच्या वेळी आला. माझा दादा एका जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याला बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी देऊन टाकायची आहे आणि कर्ज काढून असली एक गाडी घ्यायची आहे. त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली, आकडे सांगितले. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गाडी पयते किती, थे त तू सांगतलं बापा. आता थांबते कशी, थे सांग.” आईने चित्राकडे बघून एवढेच विचारले, “अन मांगच्या सीटवर मी कुठी बसू?”

हिशेब मीच केला, कारण घरात कॉलेजला जाणारी मी एकटी. ‘थ्रक्स्टन’ आली तेव्हा तिची शोरूममधील किंमत २ लाख ७४ हजार रुपये होती. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे ती गाडी सुमारे ३४ क्विंटल कापसाची झाली. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वेगळीच. हा आकडा ऐकून बाबा काही बोलले नाहीत. दादा मात्र उसळून म्हणाला, “मंग काय जिंदगीभर बंडीच हाकाची काय आपन?”

मित्रहो, तुम्ही म्हणाल, यात विचार तो काय करायचा? शेतकऱ्याच्या पोराला बेचाळीस घोड्यांची गरज काय? मीही हेच म्हणणार होते. पण ‘गरज काय?’ हे शब्द मी ओळखते. बारावीनंतर मी कला शाखेत नाव घातले तेव्हा गावातल्या शहाण्यासुरत्यांनी बाबांना हेच विचारले होते. “पोरीले बीए करून काय भेटते? गरज काय?” आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. गरजेच्याच मापाने मोजले असते तर मी आज घरी असते आणि एस.टी.च्या सवलतीच्या पासवर वर्ध्याला येऊन मराठी वाङ्मयाचा इतिहास वाचत बसले नसते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गरजेपुरतेच मिळाले, त्याला एकदा तरी गरजेपलीकडचे काही हवेसे वाटले, तर त्यात पाप कसले? म्हणून गरजेच्या नावाने दादाला गप्प करणे मला जमत नाही.

वेगवान यंत्राच्या बाजूने आणखीही एक गोष्ट आहे. जे नवे असते ते बहुधा आधी महागड्या यंत्रात येते आणि मग साध्या यंत्रात उतरते. चाकणलाच तयार होणाऱ्या ‘केटीएम ३९० ड्यूक’ला २०१३ मध्ये एबीएस ब्रेक होते. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन गाडी घसरू नये, अशी ती व्यवस्था. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचे झाले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये बजाजने ‘प्लॅटिना ११०’ला, म्हणजे दूधवाल्याच्या आणि गुरुजींच्या गाडीला, एबीएस दिले. तापट लेकराच्या निमित्ताने शिकलेले शहाणपण असे थोरल्या, साध्या भावंडाच्या कामी येते. ज्या कारखान्यात वेगवान गाडी कधी बनलीच नाही, तिथे चांगला ब्रेकही उशिराच बनेल, असे मला वाटते.

तरीही बाबांचा प्रश्न उरतोच. थांबते कशी?

दहावीत शिकलेले विज्ञान इथे उपयोगी पडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, १०० च्या वेगाने २८ मीटर. समोर बैल आडवा आला, हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते! केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत दर शंभरांत सुमारे ४४ दुचाकीवरची होती आणि दर शंभरांत सुमारे ७१ मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडलेले आहेत. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. सरळ, गुळगुळीत, कुंपण घातलेला. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे ही वेगवान गाडी धावणार ती गावरस्त्यावरच, जिथे संध्याकाळी गुरे घरी परततात आणि शाळेतून लेकरे!

मग करावे काय? वेगाला हो म्हणावे की नाही? या कोड्याचा धागा मला आमच्याच वर्ध्यात, मगन संग्रहालयात सापडला. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या या संग्रहालयात चरख्यांचे नाना नमुने आहेत. गांधीजी यंत्राच्या सरसकट विरोधात होते, असे आपण परीक्षेत लिहितो. पण शिवणाच्या यंत्राचे त्यांनी १९२४ मध्ये कौतुक केले होते. आणि १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने अधिक सूत कातणाऱ्या नव्या चरख्यासाठी चक्क एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर चरख्याची ‘हाय परफॉर्मन्स’ आवृत्ती त्यांना हवी होती! मात्र अटी पाहाव्यात. आठ तासांत बारा ते वीस नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. एखाद्या बाईला फारसे श्रम न होता तो सलग आठ तास चालवता यावा. किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. तो वीस वर्षे टिकावा. या साऱ्या अटी पूर्ण करून ते बक्षीस कुणी नेले नाही. पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या अटी. त्यात वेगाची मागणी आहे आणि तिच्या शेजारीच तो वेग वापरणारी बाई बसलेली आहे.

आमच्या आईचा प्रश्न नेमका तोच आहे. मी कुठे बसू?

म्हणून माझे मत असे. कंपनीने रोडस्टरची वेगवान आवृत्ती जरूर काढावी, पण तिलाही काही अटी असाव्यात. पहिली अट ब्रेकची. वेगवान गाडीला जी सुरक्षितता दिली, ती ठरावीक मुदतीत सगळ्यांत स्वस्त गाडीपर्यंत पोचलीच पाहिजे. दूधवाल्याचा जीव रोडस्टरवाल्याच्या जिवापेक्षा स्वस्त नाही. दुसरी अट परवान्याची, आणि ती सरकारसाठी आहे. ट्रायम्फच्या मायदेशी, ब्रिटनमध्ये, सतराव्या वर्षी छोटी मोटरसायकल, एकोणिसाव्या वर्षी मध्यम आणि त्यानंतर मोठी, अशा परवान्याच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला परीक्षा आहे. आमच्याकडे अठरा वर्षे झाली आणि गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळाला, की शंभर सीसी आणि हजार सीसी एकाच परवान्यावर! मी पहिल्या वर्षाची परीक्षा दिल्याशिवाय मला दुसऱ्या वर्षात कुणी बसवले नाही. मग दहा घोड्यांवरून एकदम बेचाळीस घोड्यांवर बसणाऱ्याला परीक्षा का नको? तिसरी अट जाहिरातीची. गाडी किती सेकंदांत वेग घेते हे जेवढ्या मोठ्या अक्षरात छापतात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात ती किती मीटरमध्ये थांबते तेही छापावे. बाबांना वाचता येईल एवढ्या मोठ्या, आणि मराठीत.

दादाशी माझे बोलणे अजून चालूच आहे. त्याने अजून गाडी घेतलेली नाही आणि घेण्याचा विचारही सोडलेला नाही. परवा त्याने आपण होऊन ‘टी-४’ची माहिती काढली. शक्ती कमी, पण कमी वेगातही ओढ चांगली. “तीन लेकरांतलं हे शांत हाये म्हनतेत,” तो म्हणाला. आईने लगेच विचारले, “अन मांगची सीट?” दादा हसला आणि चित्र मोठे करून तिला दाखवू लागला. बाबा काही बोलले नाहीत, पण चष्मा मात्र त्यांनी शोधला.