कोबेतला जुना फ्लॅट

जपानमधले कोबे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे. इथली माणसे दिशा सांगतानाही 'डोंगराकडे' नाहीतर 'समुद्राकडे' असे म्हणतात. सान्नोमिया स्टेशनवरून डोंगराकडे चढत गेले की कोबेची मशीद लागते. १९३५ साली उभी राहिलेली ही जपानमधली पहिली मशीद. तिच्या उभारणीला भारतीय व्यापाऱ्यांचाही हातभार लागला होता. १९४५ ची बॉम्बफेक आणि १९९५ चा भूकंप, दोन्हींतून ती वाचली.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे तिथे गेले होते. ती आणि मेहुणे बारा वर्षे भाड्याने राहत होते. मशिदीला पायी जाता यावे आणि व्याजाच्या कर्जात पडू नये, असा दोघांचा निश्चय. साठवलेल्या पैशात जुनाच फ्लॅट बसत होता. त्यामुळे माझी निम्मी सुट्टी घरे पाहण्यात गेली.

काँक्रीटच्या साध्या इमारतीतल्या फ्लॅटलाही जपानी लोक 'मॅन्शन' म्हणतात. परदेशी माणसाला तो विकत घेता येतो, मात्र घर घेतले म्हणून व्हिसा मिळत नाही. जाहिरातीत स्टेशनचे अंतर मिनिटांत देतात, ८० मीटरला एक मिनिट या हिशोबाने. चढण त्यात धरत नाहीत, हे कोबेत पायांना लगेच कळते.

पहिल्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. किंमतही आवाक्यात होती. मेहुण्यांनी आधी इमारतीच्या बांधकाम परवानगीची तारीख विचारली. १ जून १९८१ पासून तिथे भूकंपाबाबतचे कडक नियम लागू झाले. नुसते बांधकाम पूर्ण झाल्याचे वर्ष पाहून चालत नाही. १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीची परवानगी जुन्या नियमांची असू शकते. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे आलेल्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसे गेली. जुन्या नियमांच्या इमारतींची हानी फार मोठी होती. हा फ्लॅट १९७९ चा निघाला. बहीण खिडकीशी बराच वेळ उभी राहिली, मग काही न बोलता चपला घालायला वळली.

दुसरा फ्लॅट १९८८ चा. इथे खरा वेळ कागदांवर गेला. मालकाला दरमहा दोन रकमा भराव्या लागतात: देखभालीचा खर्च आणि दुरुस्ती निधी. साधारण १२ ते १५ वर्षांनी बाहेरच्या भिंती, गच्ची यांची मोठी दुरुस्ती याच निधीतून होते. तो अपुरा असेल तर हप्ता वाढतो किंवा एकदम मोठी रक्कम मागतात. आधीच्या मालकाची थकबाकीही कायद्याने नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते.

करारापूर्वी परवानाधारक माणसाने या सगळ्या बाबी समजावून सांगणे तिथे बंधनकारक आहे. मेहुण्यांनी तेवढ्यावर न थांबता मालकांच्या सभांची इतिवृत्तेही मागून घेतली. पाण्याच्या नळ्या बदललेल्या, निधी शिल्लक, थकबाकी कुणाचीच नाही. स्वयंपाकघर मात्र अगदी जुनाट होते.

"बाजी, ओटा आम्ही बदलू शकतो. इमारतीचा पाया कसा बदलणार?" बहीण म्हणाली.

त्यांनी तोच फ्लॅट घेतला. तिथून समुद्र दिसत नाही. मशीद पायी वीस मिनिटांवर आहे, चढण धरून.