पुढच्या हातासाठी

जुलैचा पाऊस धरला की कोल्हापुरात सकाळी उठल्याउठल्या माणसं दोन गोष्टी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर गेली, आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की ते पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. केएमटीच्या बसमध्ये, चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर तेच बोलणं चालतं. तीन नंबर उघडला, सहा नंबर उघडला, आता पाणी शहरात यायला किती तास लागतील? या दरवाजांची इथे भीती असते आणि अभिमानही असतो.

हे धरण एकेकाळी अर्धवट पडलेलं काम होतं, हे मात्र पावसाच्या गडबडीत कुणाच्या मनात येत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६-९७ चा दुष्काळ गादीवर आल्यानंतर लवकरच पाहिला. १९०२ मध्ये ते युरोपचा दौरा करून आले आणि त्याच वर्षी संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरलं. विहिरी, तळी, बंधारे यांच्या जोडीला भोगावती नदीवर मोठं धरण बांधायची योजना १९०७ मध्ये हाती घेतली गेली. धरणाच्या कामाबरोबर तिथे वसवलेल्या गावाला कन्या राधाबाईंचं, म्हणजे आक्कासाहेबांचं नाव दिलं आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. इतक्या मायेनं आरंभलेलं काम १९१८ च्या सुमारास पैशाच्या अडचणीत थांबलं. ६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले. भिंत अपुऱ्या उंचीवर उभी होती.

त्यानंतरच्या वर्षांत कुणीतरी त्या भिंतीकडे बघून हळहळलं असेल, कुणी 'राजाचं स्वप्न राजाबरोबर गेलं' असंही म्हटलं असेल. पण भिंत होती. पाया घातलेला होता, जागा ठरलेली होती, नदी कुठे अडवायची हा प्रश्न सुटलेला होता. मुलाच्या, राजाराम महाराजांच्या काळात काम पुन्हा सुरू झालं, आणि स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात धरण पुरं झालं. आरंभ एकाचा, शेवट तिसऱ्याच पिढीचा. आज त्यात आठ टीएमसीहून जास्त पाणी साठतं, आणि भोगावतीकाठचा ऊस त्यावर उभा राहतो.

या धरणानं मला एक गोष्ट शिकवली. काम आपल्या हातून पुरं झालं की नाही, यापेक्षा आपण ते कुठल्या अवस्थेत सोडलं हे जास्त महत्त्वाचं असतं. सुरुवात खरी की नुसती हौस, हे ओळखायची माझी खूण आता हीच आहे. ती दुसऱ्याला पुढे उचलता येते का?

कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला दगडी चौथऱ्यावर एका कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. रोज हजारो माणसं त्याच्या शेजारून जातात. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे नात्यातले दोन भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि दोघांना आपणही चित्रपट करावा असं वाटलं. परदेशी कॅमेरा घ्यायला पैसा नव्हता, म्हणून तो स्वतःच बनवायचं ठरलं. यंत्रात जास्त गती आनंदरावांना होती. १९१६ मध्ये आनंदराव गेले. गोष्ट इथेच संपायला काहीच हरकत नव्हती. यंत्र अर्धं, जाणकार गेलेला, मागे राहिलेला मूळचा रंगारी. पण आनंदरावांची खटपट डोक्यात न राहता लोखंडात आणि पितळेत उतरली होती, आणि ती जवळून पाहिलेला माणूस शेजारीच होता. सहकारी दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. त्यातून त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. त्याच कंपनीत घडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. म्हणून त्या चौकातून जाताना मला बाबूरावांच्या आधी आनंदराव आठवतात.

आता याच गावातली दुसरी बाजू. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली आणि इथेच थांबली. मिरजेहून आलेले रूळ पश्चिमेकडे पुढे गेले नाहीत. सह्याद्रीच्या पलीकडे कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तिच्यावर वैभववाडी रोड हे स्टेशन आहे. एका टोकाला जुनं स्टेशन, दुसऱ्या टोकाला नवं, मध्ये शंभरेक किलोमीटरचं अंतर आणि एक उभा घाट. कोल्हापूर ते वैभववाडी हा १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला तेव्हा इथे पेढे वाटले गेले. मासळी इकडे येईल, गूळ, साखर आणि कारखान्यांचा माल बंदराकडे जाईल, गगनबावड्याच्या धुक्यातून गाडी खाली उतरेल. हे चित्र इथल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी मनात रंगवलंय. सर्वेक्षण, मंजुरी, तरतूद, पाठपुरावा हे शब्द आमच्या कानांना इतके सवयीचे झालेत की त्यांनीच पोट भरल्यासारखं वाटतं. घाटात मात्र अजून एकही बोगदा खणला गेलेला नाही.

पावसात याच वाटेवरच्या करूळ घाटात दरड आली की वाहनं भुईबावड्याकडून वळवतात. एसटीत बसलेला कोकणचा माणूस खिडकीतून खालच्या दरीकडे बघत म्हणतो, "रेल्वे झाली असती तर..." आणि पुढचं वाक्य सोडून देतो. घोषणा विरून गेली तर मागून येणाऱ्याला नव्यानं घोषणाच करावी लागते. घाटात एक किलोमीटर तरी रूळ पडले असते, एक पूल अर्धा उभा राहिला असता, तर नंतर येणाऱ्याला त्याची लाज तरी वाटली असती. अपुऱ्या भिंतीत ती ताकद असते. ती डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि जिथे उभारायला भिंत नसते, तिथे निदान मागणी तरी एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी लागते. उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं ही इथल्या वकिलांची मागणी दशकांची. ज्यांनी ती आधी मांडली त्यांतले कितीतरी काळा कोट उतरवून निवृत्त झाले, कितीतरी गेले. पण निवेदनं, मोर्चे, सहा जिल्ह्यांची एकजूट हे सगळं पुढच्यांच्या स्वाधीन होत राहिलं. १८ ऑगस्ट २०२५ रोजी इथे सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. त्या दिवशी भाऊसिंगजी रोडवर गर्दी केलेल्या तरुण वकिलांतल्या अनेकांचा जन्मही ही मागणी सुरू झाली तेव्हा झालेला नव्हता.

ही सगळी राजांची, कलावंतांची, संस्थांची उदाहरणं. पण या विचाराला मी आले ती माझ्या आत्यामुळे. ती भोगावतीकाठच्या एका गावात शाळेत बाई होती. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तेव्हा तिनं बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुस्तक करायचं होतं. मग घरात मोठं आजारपण आलं, बदली झाली, आणि ते राहून गेलं. ती गेल्यावर कपाटात ते लाँगबुक सापडलं. वर खाकी कव्हर, आत निळ्या शाईतलं शिक्षिकेचं घोटीव अक्षर. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ओवी सांगणारीचं नाव, माहेर, सासर, अंदाजे वय. न कळलेल्या शब्दाखाली टिंब. पुढे कोरी पानं, पण तीही नुसती कोरी नव्हेत. एकावर 'भावाच्या ओव्या' असा मथळा, एकावर 'पंढरीच्या', एकावर 'पेरणीच्या'. एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'धाकट्या सुनेला परत विचारायचं. पुढची ओळ तिला येते.'

मी वही घेऊन त्या गावी गेले. धाकटी सून आता नातवंडांची आजी झाली होती. सोप्यात कोपऱ्याला जातं होतं, त्यावर फडक्यानं झाकलेला डबा ठेवलेला. तिनं वही हातात घेतली, वाचता येत नव्हतं तरी पानावरून बोट फिरवलं. "तू बाईंची भाची व्हय? बाई लिवत हुत्या तवा मी चुलीपाशी हुतो. सासूबाईम्होरं कसं बोलायचं?" असं म्हणून ती गप्प झाली. मग डबा खाली ठेवला, जात्याच्या खुंट्याला हात लावला, आणि इतकी वर्षं वहीत अडलेली ओळ एका दमात म्हणून टाकली. जात्यावर दोघी बसतात तेव्हा एकीचा हात दमला की खुंटा दुसरीच्या हाती असतो, दळण थांबत नाही. आत्या त्या रीतीनं उठली होती, हे मला त्या सोप्यात कळलं.

तेव्हापासून अर्धवट राहिलेल्या कामांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. प्रत्येकाच्या घरात अशी कामं असतात. आजोबांनी मांडायला घेतलेली वंशावळ, तालमीच्या जुन्या मल्लांच्या आठवणी लिहायचा बेत, गुऱ्हाळावर नवी काहील करून बघायची कल्पना, गल्लीतलं वाचनालय. यांतली बरीचशी कामं मनात मुरतात आणि माणसाबरोबर जातात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांतली कल्पना हलकी असते म्हणून ती जात नाहीत. ती कधी कुणाच्या हाती लागेल अशा रूपात उतरलेलीच नसतात. आपल्याला वाटतं, पुरतं जमेल तेव्हाच सुरू करू. सवड, पैसा, माणसं, सगळं जुळून येईपर्यंत नुसतं बोलत राहतो. राधानगरीला तसं थांबायचं ठरलं असतं तर पहिला दगडही बसला नसता.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. जे करायचं मनात आहे ते आज थोडं तरी कागदावर, मातीत, लाकडात उतरवा. कुणाकडून काय कळलं त्याचं नाव लिहा, मापं लिहा, तारीख घाला. कुठे अडलं ते लपवू नका, तिथेच टिंब द्या. पुढे काय हवं होतं त्याचा मथळा कोऱ्या पानावर टाकून ठेवा. आणि थांबायची वेळ आलीच, तर ते कपाटात बंद करण्याआधी घरातल्या लहानांपैकी एकाला तरी दाखवा. आत्याच्या वहीतलं पेरणीच्या ओव्यांचं पान अजून कोरं आहे. ते भरायला मी या मोसमात माझ्या लेकीला बरोबर नेणार आहे, आणि वही परत येताना तिच्याच हातात देणार आहे.