मुंबई–सिंगापूर, साडेपाच तास

दिवाळीत आत्याकडे सिंगापूरला जायचं म्हणून नातू सध्या मोबाईलवर विमानं बघत असतो. परवा म्हणाला, "आजोबा, मुंबईहून रात्री साडेअकराला निघतं अन् सकाळी साडेसातला पोचतं. आठ तास! येताना मात्र तीनच?" भूगोलाच्या मास्तराला असं विचारल्यावर गप्प बसवतं थोडंच? कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. जाताना ते वजा करायचे, येताना मिळवायचे; दोन्हीकडून साडेपाचच. गंमत अशी की मुंबई ७३ रेखांशावर आणि सिंगापूर १०४ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर फरक दोन तासांचाच येतो. पण आपण वेळ धरतो साडेब्याऐंशी रेखांशाची आणि त्यांनी १९८२ पासून धरली आहे १२० ची. म्हणून अडीच. मग गोलावर दोरा ताणून अंतर मोजलं. पस्तीस अंश, अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे ३,९०० च्या आसपास. नातू खूश.

मी मात्र दोरा हातात धरून बसलो. हेच गणित मी एकदा चुकवलं आहे.

२०१४ च्या मे महिन्यात आमची ही गेली, पहाटे. लेकीला फोन केला. म्हणाली, "आप्पा, निघतेच मी. थांबा." अंगणात जमलेल्यांनी विचारलं, "गुरुजी, ताईला किती वेळ लागंल?" मी ठासून सांगितलं, "विमान साडेपाच तासांचं." मग थांबू, सगळे म्हणाले. बर्फाच्या लाद्या आणवल्या.

तिला तिकीट मिळालं संध्याकाळचं. मुंबईत उतरणार रात्री साडेनऊला. आणि तिथून सेनगाव! नाशिक, औरंगाबाद, जालना करत साडेपाचशेच्या वर किलोमीटर. समुद्र ओलांडायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ. हे सगळं मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्या वेळी तोंडात आकडा आला तो विमानाचाच.

मे महिन्याचं ऊन ते. दुपारपर्यंत बर्फ पाघळला. चार वाजता भावकीतले म्हातारे जवळ येऊन म्हणाले, "गुरुजी, आता नाही थांबता येणार." लेकीला फोन लावला, तर बंद. विमानात बसली होती. मी मान हलवली.

मुंबईत उतरल्यावर तिला कळलं. रात्रभर गाडीत बसून सकाळी दहाला पोचली. राख सावडायला होती. चौदाव्या दिवशी बॅग भरताना एवढंच म्हणाली, "आप्पा, थांबतो म्हणाला होतात." पुन्हा तो विषय तिने काढला नाही, मीही नाही.

असो. आता समृद्धी महामार्ग झाला आहे, २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरीपुढचा शेवटचा तुकडाही सुरू झाला. रिसोडवरून मेहकर गाठलं की मुंबई पूर्वीइतकी लांब वाटत नाही. तरी नातवाच्या वहीत मी आपल्या दारापासून आत्याच्या दारापर्यंतचे तास एकाखाली एक मांडून दिले. गाडी, विमानतळावरचे तीन तास, विमान, तिकडची रांग, पुन्हा गाडी. बेरीज वीसच्या घरात गेली.